वंश आणि ‘मिसळून जाणं’ यांवर लिहायला बसताय?

मसुदा वाचला. विषय अवघड घेतलाय, पण पकड चांगली आहे. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा.

१. ‘मिसळून गेले’ लिहिण्याआधी कर्ता शोधा. अमेरिकेतल्या मूलनिवासींवरच्या दुसऱ्या परिच्छेदात ‘मूलनिवासी मुलं मुख्य प्रवाहात आली’ असं तुमचं वाक्य आहे. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात या मुलांसाठी कार्लाईलची निवासी शाळा निघाली. तिथे पोरांचे केस कापले, नावं बदलली, घरची भाषा बोलायला बंदी केली. ती आली नाहीत, आणली गेली. एवढं क्रियापद बदललंत की अख्खं वाक्य फिरतं. ‘मुख्य प्रवाह’ तर मी अवतरणातच ठेवतो. कुणाचा प्रवाह, ते आधी सांगायला नको?

२. सात्मीकरण आणि एकात्मीकरण एक समजू नका. पहिल्यात आपलं जुनं सोडावं लागतं, दुसऱ्यात ते राखून सामील होता येतं. नवशिके इथे हमखास घसरतात.

३. माणसं स्वतःला काय म्हणवतात ते बघा. ‘रेड इंडियन’ आजच खोडा. जमात माहीत असेल तर थेट नाव घ्या: नवाहो, चेरोकी. आणि वंश रक्तात असतो अशा थाटात लिहू नका. अमेरिकी जनगणनेत २००० पासून एकाहून अधिक वंश निवडता येतात; रकाने माणसांनीच आखलेत आणि तीच ते बदलतात.

संमिश्र ओळख, माणूस बघून बोली बदलणं वगैरे नंतर बघू. आधी तो दुसरा परिच्छेद कर्ता घालून पुन्हा लिहा आणि पाठवा.