फुटलेल्या दगडाचा खडबडीतपणा

प्रश्न : फोडलेल्या काळ्या दगडाच्या ताज्या फुटीवर वर्कशॉपमधला रफनेस टेस्टर लावला. सुई अडकते, आरएचा (सरासरी खडबडीतपणाचा) आकडा दर वेळी निराळा येतो. यंत्र बिघडलंय का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : बहुधा नाही. हा टेस्टर घासलेल्या, टर्निंग केलेल्या धातूसाठी असतो. त्याचा पल्ला काही शे मायक्रॉनचा, आणि माळव्यातल्या बसाल्टच्या, म्हणजे या काळ्या दगडाच्या, फुटीवर चढउतार मिलिमीटरांत. शिवाय ०.८ मिमीचा कट-ऑफ, म्हणजे टेस्टरच्या गाळणीची मर्यादा, त्याहून मोठी वळणं गाळून टाकतो. फुटीचं वैशिष्ट्यच असं की मोजणीची लांबी वाढवली की आरएही वाढतो. म्हणून लांबी न लिहिलेला आकडा आम्ही तरी मानणार नाही.

दगडासाठी प्रोफाइल कंगवा घ्या, म्हणजे दाबल्यावर सरकत्या काड्यांनी पृष्ठभागाचा आकार उचलणारी पट्टी. सुटे कण मऊ ब्रशने झाडा, पण घासू नका आणि दोन्ही तुकडे पुन्हा जुळवून पाहू नका. टोकं तिथेच तुटतात. कंगवा १० सेंमी रेषेवर सरळ दाबा, टोकदार पेन्सिलीने कागदावर उतरवा. दर १.२७ मिमीवर उंची वाचा. आधी रेषेचा एकूण कल वजा करा, नाहीतर तिरका ठेवलेला गुळगुळीत दगडही खडबडीत ठरेल. शेजारच्या उंचींमधला फरक भागिले १.२७, त्याचा वर्ग, सगळ्यांची सरासरी, मग वर्गमूळ : हा झेड-टू, म्हणजे रेषेच्या उताराचं माप. त्से आणि क्रुडन यांच्या १९७९च्या सूत्राने जेआरसी (दगडाच्या फुटीचा खडबडीतपणा सांगणारा अंक) = ३२.२ + ३२.४७ × लॉग झेड-टू (पाया १०). झेड-टू ०.२ आला तर जेआरसी साधारण ९.५, जेआरसीची बार्टनने दिलेली मोजपट्टी ० ते २० आहे. एक तुकडा दुसऱ्यावरून ज्या दिशेने घसरणार, त्याच दिशेने किमान तीन रेषा घ्या.