नगरसेवक निम्मे केले तर मिळकतकर कमी होईल का?

प्रश्न : मी मिळकतकर वेळेवर भरणारा सेवानिवृत्त नागरिक आहे. पुणे महापालिकेत आता 165 नगरसेवक आहेत आणि त्यांचा खर्च आमच्याच करातून जातो. मधल्या काळात जवळजवळ चार वर्षे एकही नगरसेवक नव्हता, तरी नळाला पाणी येत होते आणि कचराही उचलला जात होता. मग ही संख्या निम्मी केल्यास कराचा बोजा हलका होणार नाही का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपला रोष समजण्यासारखा आहे, परंतु हिशेब मांडला तर बचत हाती लागत नाही. राज्य सरकारने 2017 साली पुण्यातील नगरसेवकांचे मानधन दरमहा 20,000 रुपये ठरवले. त्या दराने 165 जणांचे वर्षाचे मानधन 3 कोटी 96 लाख रुपये होते. महापालिकेचे 2025-26 चे अंदाजपत्रक 12,618 कोटींचे होते, म्हणजे शंभर रुपयांमागे जेमतेम तीन पैसे मानधनावर जातात. संख्या निम्मी केल्यास दीड पैसा वाचेल आणि आपल्या बिलात तो दिसणारही नाही.

प्रशासकांच्या काळाचा आपला दाखला तर उलटच साक्ष देतो. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले. तोवर मुख्य सभा आणि स्थायी समिती या दोहोंचे अधिकार प्रशासक म्हणून आयुक्तांकडेच होते. याच काळात अंदाजपत्रक 8,592 कोटींवरून 12,618 कोटींवर गेले. महागाई, वेतन आणि महापालिकेच्या हद्दीत समाविष्ट झालेल्या गावांतील रस्ते, पाणी व सांडपाण्याची कामे वाढत असताना या वाढीचा दोष प्रशासकांना देणे अन्यायाचे होईल. मात्र लोकप्रतिनिधी नसले की खर्च घटतो, हे म्हणणेही त्यापुढे टिकत नाही. शिवाय अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच असल्यामुळे, अमुक काम याच दराने का, असे सभागृहात उभे राहून विचारणारे कोणी उरले नव्हते. मला ही उणीव फार गंभीर वाटते.

नगरसेवकांची संख्या कायद्याने लोकसंख्येशी बांधलेली आहे. तीस लाखांपर्यंत 161 आणि पुढच्या प्रत्येक लाखामागे एक, असे ते गणित असून कमाल मर्यादा 175 आहे. 2011 च्या जनगणनेनुसार समाविष्ट गावांसह आपली लोकसंख्या सुमारे 34 लाख 81 हजार भरते, म्हणून 165. जनगणना जुनी असूनही एका नगरसेवकामागे 21,000 नागरिक येतात. संख्या निम्मी केली तर 42,000 येतील.

करदात्याने लक्ष ठेवायला हवे ते वेगळ्याच ठिकाणी. अंदाजपत्रकातील ‘स’ यादीत प्रभागातील किरकोळ कामांसाठी नगरसेवकांनी सुचवलेल्या तरतुदी असतात. यातून ड्रेनेजची तुंबलेली लाइन बदलली जाते, तसेच सोसायटीच्या फाटकासमोर दोन बाके असताना, पाठीवर नगरसेवकाचे नाव रंगवलेले तिसरे बाकही येते. सुस्थितीतील पेव्हर ब्लॉक उखडून पुन्हा तसेच बसवले जातात. त्यातच आर्थिक वर्ष संपत आले की वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात आणि एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळते. मानधनाच्या तीन पैशांपेक्षा हे निर्णय कराच्या विनियोगावर कितीतरी अधिक परिणाम करतात.

या निर्णयांचा जाब विचारायचा कोणाला, हा खरा पेच आहे. पुण्यातील 41 प्रभागांपैकी 40 चारसदस्यीय आहेत आणि एक पाचसदस्यीय. प्रभागाची लोकसंख्या 80,000 च्या घरात जाते आणि चेंबरचे झाकण तुटले तर नागरिकाने चौघांपैकी कोणाचे दार ठोठवायचे, हेच ठरत नाही. मुंबईत 227 प्रभाग एकसदस्यीय आहेत. माझ्या मते पुण्यातही संख्या कायम ठेवून प्रभाग एकसदस्यीय करावेत, अशी मागणी लावून धरणे अधिक उपयोगाचे आहे.

तोवर आपण दोन गोष्टी निश्चित करू शकता. माहिती अधिकारात अर्ज करून आपल्या प्रभागातील ‘स’ यादीची कामे, त्यांच्या निविदांची रक्कम आणि वर्षभरात झालेली वर्गीकरणे मागवा. दुसरे म्हणजे, पुण्यात 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवली जातात. त्याचा अर्ज आपल्या क्षेत्रीय कार्यालयात सोसायटीतील इतरांच्या सह्यांसह द्या, पोच घ्या आणि सुचवलेले काम पुढील अंदाजपत्रकात आले की नाही, हे तपासून नगरसेवकांना लेखी विचारा.