राइक्सम्युझियम पाहिल्यावर रेम्ब्रांटच्या घरी जावं का?

तुमच्याकडे अ‍ॅमस्टरडॅमसाठी दीडच दिवस आहे, सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याचं गाजलेलं चित्र ‘नाइट वॉच’ तिथल्या राइक्सम्युझियममध्ये बघणारच आहात, मग त्याच्या घरासाठी (आता तेही संग्रहालय आहे) वेगळे दोन तास काढावेत का, असं विचारलंय.

काढा. पण तिथे त्याची मोठी तैलचित्रं बघायला मिळतील असं समजून जाऊ नका. मी तसाच गेलो आणि पहिली पंधरा मिनिटं फसल्यासारखं वाटलं. भिंतींवर बरीचशी चित्रं त्याच्या गुरूची, शिष्यांची. कपाटासारखा बंदिस्त पलंग, खुर्च्या, स्वयंपाकघरातली भांडी त्या काळातली, पण त्याची नव्हेत. त्याची राहणार तरी कशी? १६३९ मध्ये १३,००० गिल्डरला (तेव्हाचं डच चलन) घेतलेलं हे घर त्याला झेपलंच नाही. ‘नाइट वॉच’ याच घरात राहत असताना केलेलं. ते पूर्ण झालं त्याच वर्षी, १६४२ मध्ये, बायको सास्किया इथेच वारली. १६५६ मध्ये दिवाळं निघालं, खोली-खोलीत फिरून सामानाचा पंचनामा झाला, सगळं लिलावात गेलं. पुढे घरही गेलं.

गंमत म्हणजे आजच्या खोल्या सजवल्यात त्याच पंचनाम्यावरून. ३६३ नोंदी! कुठल्या खोलीत कुठलं चित्र, कुठे शिंपले, कुठे अर्धपुतळे, सगळं टिपलेलं. त्या कारकुनाचे उपकारच म्हणायचे.

माझे पैसे वसूल झाले ते वरच्या स्टुडिओत. उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या, सावली न हलणारा उजेड. तिथे एक बाई दगडावर रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटत होत्या. हातातलं ते काचेचं साधन म्हणजे आपला वरवंटाच, फक्त उभा धरलेला. एचिंगच्या, म्हणजे आम्लाने पत्र्यावर रेघा कोरून त्यावरून चित्र छापण्याच्या, खोलीत तर मी तासभर रेंगाळलो. तांब्याच्या पत्र्यावर शाई चोळायची, मग पुसायची, इतकी की वाटावं सगळी गेली. ती उरते फक्त आम्लाने खाल्लेल्या रेघांत. वर ओलसर कागद, त्यावर ब्लँकेट, आणि प्रेसचं चाक अंगाचा जोर लावून फिरवायचं. कागद सोलल्यासारखा उचलला तेव्हा आमच्या घोळक्यातलं कुणीच बोललं नाही.

वॉटरलूप्लेन मेट्रो स्टेशनपासून चालत दोन-तीन मिनिटं. जिने अरुंद आणि उभे आहेत. सोबत गुडघेदुखीवालं कुणी असेल तर आधीच सांगा. आणि प्रात्यक्षिकं किती वाजता आहेत ते आत शिरतानाच विचारून घ्या.