संघ हरला की माझेही रेटिंग का घसरते?

निपाणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एज ऑफ एम्पायर्स २ या संगणकावरच्या डावपेचांच्या खेळात तुमचे एकेरी रेटिंग ९५० आणि सांघिक रेटिंग १२०० आहे. एक सामना जिंकल्यावर ८ गुण मिळतात, तर दुसरा जिंकल्यावर २४. चार गड्यांच्या संघात स्वतः उत्तम खेळूनही संघ हरला की गुण जातात, यात न्याय कुठे आहे, असे तुम्ही विचारता. शिवाय गणपतीच्या सुट्टीत आठ जणांची स्पर्धा भरवायची आहे, तेव्हा संघ कोणत्या आकड्यावरून पाडावेत, हेही तुम्हाला हवे आहे. मी बेळगावात संख्याशास्त्र शिकवतो आणि हाच खेळ माझ्या पुतण्यांबरोबर बरीच वर्षे खेळतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रेटिंग ही चांगल्या खेळाची मजुरी आहे, अशी समजूत तुमच्या प्रश्नामागे दिसते आणि बहुतेक तक्रारी याच समजुतीतून निघतात. रेटिंग म्हणजे पुढच्या सामन्यात कोण जिंकेल याचा अंदाज बांधण्यासाठी ठेवलेला आकडा. येळ्ळूरच्या यात्रेतल्या कुस्तीच्या मैदानात तुम्ही कधी बसला असाल, तर जोड लावणाऱ्या जाणत्या मंडळींना तुम्ही पाहिले असेल. कोणत्या तालमीच्या पोराने कोणाला चितपट केले, कोणाशी बरोबरीत सोडवले, हे त्यांच्या डोक्यात पक्के असते आणि त्यावरून ते आजची जोड ठरवतात. नावाजलेल्या मल्लाने नवख्याला पाडले तर त्यांचे मत जागचे हलत नाही; नवख्याने नावाजलेल्याला पाडले तर मात्र पुढच्या मैदानात त्या पोराची जोड वरच्या मल्लाशी लागते. अंदाज चुकला तेवढेच मत बदलायचे, हीच रीत आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बुद्धिबळपटू प्राध्यापकांनी गणितात बसवली. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने ती १९६० मध्ये आणि जागतिक महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. आजच्या अनेक ऑनलाइन डावपेचांच्या खेळांतली रेटिंगे तिच्याच पायावर उभी आहेत.

तुमच्या ८ आणि २४ गुणांचा हिशेब यातूनच लागतो. एलोंच्या सूत्रात दोघांच्या रेटिंगमधला फरक तेवढा महत्त्वाचा असतो. फरक १०० असेल तर वरच्याने १०० पैकी सुमारे ६४ सामने जिंकावेत, २०० असेल तर ७६ आणि ४०० असेल तर ९१, अशी अपेक्षा धरली जाते. एका सामन्यात जास्तीत जास्त ३२ गुण हलू शकतात असे मानू. १२०० च्या खेळाडूने १००० च्या खेळाडूला हरवले, तर अपेक्षा ०.७६ ची होती आणि मिळाला १, म्हणून उरलेल्या ०.२४ ला ३२ ने गुणून त्याला जेमतेम ८ गुण मिळतात. तोच हरला तर त्याचे २४ जातात आणि समोरच्याला २४ मिळतात. बुद्धिबळात बरोबरी झाली, तर अर्धा गुण धरून हेच गणित करतात आणि १००० वाल्याला हार न मानल्याबद्दल ८ गुण मिळतात. म्हणून २४ गुण देणारा तुमचा विजय बलाढ्य प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा होता, एवढाच त्याचा अर्थ.

या रीतीत एक उणीव होती. दहा सामने खेळलेल्याचे १५०० आणि हजार सामने खेळलेल्याचे १५०० तिला सारखेच दिसतात. मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ग्लिको ही पद्धत मांडून आकड्याच्या जोडीला त्या आकड्याची अनिश्चितताही ठेवली. नवा खेळाडू असेल किंवा बरेच दिवस न खेळलेला असेल, तर अनिश्चितता मोठी असते आणि गुण मोठ्या उड्या घेतात. खेळत गेले की उड्या लहान होतात. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर नव्या खेळाडूच्या रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह दिसते ते यामुळेच, आणि डोटा २ या सांघिक ऑनलाइन खेळानेही २०२३ मध्ये ग्लिकोची वाट धरली.

आता संघाकडे वळतो, कारण तुमची खरी खंत तिथे आहे. चार विरुद्ध चारच्या सामन्यातून संगणकाला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे कोणता संघ जिंकला. त्या एका उत्तरावरून त्याला आठ जणांबद्दलचे मत सुधारायचे असते. संघाचे बळ म्हणजे चौघांची सरासरी असे धरा. तुम्ही तुमच्या आकड्यापेक्षा खरोखर १०० गुणांनी सरस असाल, तर एकेरीत तुल्यबळ मानलेल्यांविरुद्ध तुम्ही १०० पैकी ६४ सामने जिंकाल आणि ही गोष्ट लवकर लक्षात येईल. संघात मात्र तुमच्या १०० गुणांनी सरासरी फक्त २५ ने वाढते आणि संघाची जिंकण्याची शक्यता ५० वरून ५३-५४ टक्क्यांवर जाते. हा बारीकसा फरक नशिबाच्या गोंधळातून वेगळा काढायला एकेरीच्या सुमारे १६ पट सामने लागतात. एकेरीत जे २० सामन्यांत दिसते, ते सांघिक खेळात तीनशेहून अधिक सामन्यांनंतर दिसेल. तुमच्या चांगल्या खेळाची नोंद होते, पण फार सावकाश होते. ज्या पाच-सहा पराभवांचे तुम्हाला वाईट वाटते आहे, तेवढ्यांतून तुमच्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

मग प्रत्येकाच्या वैयक्तिक कामगिरीवर गुण का देत नाहीत? मला स्वतःला हे फार धोक्याचे वाटते. आपल्या खेळात कडेचा गडी आरंभापासून शत्रूचा मारा झेलतो आणि मधला गडी त्याच्या आडोशाने शेती, खाणी वाढवून पुढे घोडदळ उभारतो. कडेच्या गड्याने दोन शत्रूंना पंधरा मिनिटे रोखून धरले आणि स्वतःचे सगळे गाव गमावले, तर शेवटच्या तक्त्यात त्याचा आकडा सर्वांत खाली दिसतो, जरी विजय त्याच्यामुळे मिळाला असला तरी. मारलेल्या सैनिकांवर किंवा तक्त्यातल्या आकड्यावर गुण दिले, तर उद्यापासून कोणी कडेला उभे राहायला तयार होणार नाही आणि शेजाऱ्याच्या मदतीला जाणेही थांबेल. हे कधीच जमत नाही असेही मी म्हणणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्स या आपल्या खेळयंत्रासाठी आणलेली ट्रूस्किल ही पद्धत मुळातच संघांसाठी होती आणि प्रत्येक गड्याचा अंदाज व त्याची अनिश्चितता निकालावरूनच ठरवत होती. २०१८ च्या ट्रूस्किल २ मध्ये त्यांनी वैयक्तिक कामगिरी, ठरलेल्या मित्रांसोबत संघ करून येणे आणि सामना अर्धवट सोडण्याची सवय हेही हिशेबात घेतले. हेलो ५ या खेळातल्या सामन्यांचे निकाल जुन्या पद्धतीला ५२ टक्के वेळा ओळखता येत होते, ते नव्या पद्धतीला ६८ टक्के वेळा ओळखता येऊ लागले. परंतु तो नेमबाजीचा खेळ आहे. तिथे कोणी किती जणांना टिपले याचा विजयाशी थेट संबंध असतो. आपल्या खेळात तो इतका सरळ नाही.

तुमचे ९५० आणि १२०० यांतला फरक पाहून तुम्ही संघात अधिक चांगले खेळता, असा निष्कर्ष काढू नका. दोन्ही याद्या वेगळ्या आहेत, प्रत्येकीची सुरुवात १००० पासून होते आणि रेटिंगला अर्थ फक्त त्याच यादीतल्या इतरांच्या तुलनेत असतो. शिवाय जिंकणाऱ्यांना मिळालेले गुण हरणाऱ्यांच्या गुणांपेक्षा अधिक भरतील असा नियम असला, तर सगळी यादीच वर सरकते. या खेळाच्या सांघिक यादीत असा फुगवटा होता, हे जुने खेळाडू जाणतात. त्यात चौघे मित्र बोलत-बोलत खेळले, तर त्यांची एकी चौघांच्याही आकड्यात जमा होते आणि त्यांतला एकटा गडी अनोळखी संघात गेला की त्याचा आकडा त्याला झेपत नाही.

म्हणून तुमच्या स्पर्धेसाठी एकेरी रेटिंगच घ्यावे. ज्याने एकेरी फारसे खेळलेले नाही, त्याला आधीच्या आठवड्यात इतरांशी पाच-सहा सामने खेळायला लावा. आठही जणांना उतरत्या क्रमाने मांडा आणि पहिला, चौथा, पाचवा व आठवा एका संघात, तर दुसरा, तिसरा, सहावा व सातवा दुसऱ्या संघात घाला. मग दोन्ही सरासऱ्या काढून पाहा. पहिला गडी इतरांहून खूपच पुढे असेल, तर त्याच्या संघातला चौथा बदलून सातवा द्यावा आणि पुन्हा मोजावे. फरक २५ च्या आत आला की जोड चांगली लागली असे समजा. प्रत्येक फेरीनंतर एलोंच्या सूत्राने आठही जणांचे आकडे वहीत सुधारून पुढच्या फेरीचे संघ नव्याने पाडलेत, तर कोणालाही पुन्हा पुन्हा त्याच बलाढ्य संघापुढे उभे राहावे लागण्याची शक्यता कमी होईल. आणखी एक गोष्ट आधीच ठरवा. ऑनलाइन सामन्यात वीज गेली तरी तो सहसा पराभवच धरला जातो, पण एका खोलीत बसून खेळताना तसे करायची गरज नाही. खेळ मधेमधे जतन करत राहा आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे खेळा, कारण भाद्रपदातल्या पावसात आपल्या भागात हा प्रसंग एकदा तरी येईल असे धरूनच चालावे.