लॉकफाइल उडवण्याआधी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच गाठीचे आहेत. दोन पॅकेजांना (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या गठ्ठ्यांना) तिसऱ्या पॅकेजची वेगवेगळी व्हर्जन्स हवी असतात आणि पॅकेजं उतरवून बसवणारं साधन, म्हणजे एनपीएम, अडून बसतं. हाच कॉन्फ्लिक्ट. त्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून केलेले उपायही सगळ्यांचे सारखेच आहेत, म्हणून उत्तरं एकत्र देते आहे.

प्रश्न: पॅकेज.जेसनमध्ये व्हर्जनच्या आधी कधी टोपीसारखं चिन्ह असतं, कधी नागमोडी रेघ. फरक काय? (विद्यार्थिनी, कर्वेनगर)

पॅकेज.जेसन ही प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजांची यादी. तिच्यात ^१.४.२ (टोपी) म्हणजे १.४.२ पासून पुढचं, पण २.०.० च्या आतलं काहीही चालेल, ~१.४.२ (नागमोडी रेघ) म्हणजे १.५.० च्या आतलं. व्हर्जन शून्यानं सुरू होत असेल तर टोपीही आखडते: ^०.४.२ ची हद्द ०.५.० च्या अलीकडेच संपते.

प्रश्न: जुन्या लॅपटॉपवर आमचा प्रोजेक्ट बिनबोभाट इन्स्टॉल व्हायचा. नव्या लॅपटॉपवर 'ईरिझॉल्व्ह' अशी पानभर लाल एरर येते. सहकारी म्हणतात नवं एनपीएम बिघडलेलं आहे, 'फोर्स' लावून पुढे जा. जाऊ का? (हिंजवडी)

नाही. एनपीएम बिघडलेलं नाही. रिअ‍ॅक्ट ही वेबपानं बांधायची लायब्ररी. काही पॅकेजं स्वतःचं रिअ‍ॅक्ट सोबत आणत नाहीत. 'तुमच्याकडे जे आहे त्यावरच मी चालेन, पण ते १६ किंवा १७ हवं' अशी अट घालून येतात. हीच पिअर डिपेंडन्सी. एनपीएम ३ ते ६ मध्ये ही अट मोडली तर नुसता इशारा यायचा आणि तो कुणी वाचत नसे. ऑक्टोबर २०२० मध्ये एनपीएम ७ आलं, ते पिअर पॅकेजं स्वतः बसवू लागलं आणि अटी जुळल्या नाहीत तर थांबू लागलं. तुमच्या प्रोजेक्टमधलं भांडण जुनंच आहे, दिसायला आत्ता लागलं.

तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दोनच ओळी कामाच्या आहेत. 'फाउंड'पुढे रिअ‍ॅक्ट १८.२.० लिहिलंय, ते तुमच्याकडे आहे. 'कुड नॉट रिझॉल्व्ह डिपेंडन्सी'खाली पिअर रिअ‍ॅक्ट ^१६ किंवा ^१७ लिहिलंय, ते मागितलं आहे. त्याच ओळीत 'फ्रॉम'नंतर मागणाऱ्याचं नाव असतं. तुमच्या बाबतीत ते कॅलेंडरचं पॅकेज आहे. आता 'एनपीएम व्ह्यू'ला त्या पॅकेजचं नाव आणि 'पिअर डिपेंडन्सीज' देऊन ताज्या व्हर्जनची अट बघा. १८ चालत असेल तर कॅलेंडर वाढवा, विषय संपला. चालत नसेल तर दुसरं कॅलेंडर शोधायचं की रिअ‍ॅक्ट १७ वर न्यायचं, हे टीम लीडसोबत बसून ठरवा. 'लेगसी पिअर डेप्स' हा इन्स्टॉलचा दुसरा पर्याय लावला की एनपीएम या अटींकडे बघतच नाही, आणि 'फोर्स' न जुळणारी मांडणी तशीच स्वीकारतं. दोन्हींनी एरर जाते, पण कॅलेंडर १८ वर चालेल याची हमी कुठून येणार?

प्रश्न: कुठलाही कॉन्फ्लिक्ट आला की आमचे सिनियर नोड मॉड्यूल्स आणि पॅकेज-लॉक दोन्ही डिलीट करून पुन्हा इन्स्टॉल करायला सांगतात. बहुतेक वेळा चालतं. यात काही धोका आहे का? (बाणेर)

आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच सवयीची वाटते. नोड मॉड्यूल्स (उतरवलेल्या पॅकेजांचं फोल्डर) खुशाल उडवा. लॉकफाइलला, म्हणजे पॅकेज-लॉकला, हात लावू नका.

पॅकेज.जेसन ही किराणाची यादी आहे: पोहे अर्धा किलो, कुठलेही चालतील. लॉकफाइल ही पावती आहे. तुमच्या पॅकेजांच्या पोटात जी पॅकेजं आहेत त्यांच्यासकट प्रत्येकाचं नेमकं व्हर्जन, ते कुठून उतरवलं तो पत्ता आणि फाइल तीच आहे हे पडताळायचा हॅश तिच्यात असतो. ती उडवली की एनपीएम यादी घेऊन पुन्हा बाजारात जातं आणि टोपीच्या हद्दीत आज जे सगळ्यात नवं मिळेल ते उचलतं. एक कॉन्फ्लिक्ट सोडवायला तुम्ही सगळं घर बदलता.

दोन वर्षांपूर्वी चाकणच्या एका कारखान्याचं पुरवठादारांसाठीचं पोर्टल माझ्याकडे तपासायला आलं होतं. एका मुलानं चार्टच्या पॅकेजचा कॉन्फ्लिक्ट सोडवायला लॉकफाइल उडवली होती. कॉन्फ्लिक्ट गेला, पण त्याबरोबर तारीख निवडायचं पॅकेजही पुढे सरकलं, आणि त्याच्या किरकोळ म्हणवणाऱ्या सुधारणेत दिवस-महिना हा क्रम महिना-दिवस झाला होता. पुरवठादारानं ०५/०३ टाकलं ते ५ मार्च म्हणून. गोदामात ते ३ मे झालं. तेरापासून पुढच्या तारखांना फॉर्म अडायचा, तेव्हा लोक म्हणायचे फॉर्मच नीट चालत नाही. बारापर्यंतच्या तारखा मात्र निमूट उलट्या व्हायच्या. मूळ कारण सापडायला आठवडा गेला. लॉकफाइलमधला हजारो ओळींचा फरक रिव्ह्यू करणाऱ्यानं उघडलाही नव्हता. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्यालाही हा उपाय कुणा सिनियरनंच शिकवला होता.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक आणि डीबग या पॅकेजांची विषारी व्हर्जन्स एनपीएमवर चढली. सांभाळणाऱ्याला खोटा ईमेल पाठवून त्याचं खातं पळवलं होतं. ही दोन्ही पॅकेजं असंख्य प्रोजेक्टांच्या पोटात असतात, आपण ती कधी मागवली हे आपल्याला ठाऊकही नसतं. काही तासांत ती व्हर्जन्स काढली गेली. पण त्याच तासांत ज्यांनी लॉकफाइल उडवून नव्यानं इन्स्टॉल केलं, त्यांच्या मशीनवर ती उतरू शकत होती. जुन्या लॉकवरून काम करणाऱ्यांना हा धोका नव्हता.

गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) दोघांचं काम मर्ज, म्हणजे एकत्र, करताना बदल एकमेकांवर आदळून लॉकफाइलमध्येच कॉन्फ्लिक्ट येतो, हे तिला उडवायचं आणखी एक कारण सांगितलं जातं. तेव्हाही गरज नाही. आधी पॅकेज.जेसनमधला कॉन्फ्लिक्ट हातानं सोडवा, मग साधं एनपीएम इन्स्टॉल चालवा. लॉकमधल्या कॉन्फ्लिक्टच्या खुणा ते स्वतः निस्तरतं.

एक अपवाद सांगायलाच हवा. मॅकवर बनलेली लॉकफाइल लिनक्सच्या सर्व्हरवर नेली की कधी कधी रोलअपचा (कोडच्या फाइली एकत्र बांधणाऱ्या पॅकेजचा) लिनक्ससाठीचा तुकडाच सापडत नाही. हा ऐच्छिक पॅकेजांबाबतचा एनपीएमचाच दोष आहे, आणि रोलअपचा संदेश स्वतःच नोड मॉड्यूल्स आणि लॉकफाइल दोन्ही काढून पुन्हा इन्स्टॉल करायला सांगतो. तुमच्या सिनियरांनी कदाचित तो एकदा वाचला आणि सगळीकडे लावला. तशी वेळ आलीच तर वेगळ्या ब्रांचवर (गिटमधल्या कोडच्या वेगळ्या शाखेवर) करा, लॉकमधला फरक दोघांनी मिळून वाचा, पूर्ण टेस्टिंग झाल्याशिवाय मर्ज करू नका.

प्रश्न: सर्व्हरवर एनपीएम इन्स्टॉल चालवावं की एनपीएम सीआय? (मगरपट्टा)

सीआय. ते लॉकफाइलमधलीच नेमकी व्हर्जन्स बसवतं. लॉक आणि पॅकेज.जेसन जुळत नसतील तर ते थांबतं, आणि थांबायलाच हवं.

प्रश्न: मी कर्वे रस्त्यावरच्या एका क्लासला जातो. तिथे क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप शिकवतात. पहिल्याच दिवशी निम्म्या वर्गाला एरर आली. सर म्हणाले, 'लेगसी पिअर डेप्स' टाका, खोलात जाऊ नका, इंटरव्ह्यूत विचारत नाहीत. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

इंटरव्ह्यूत विचारतात. मी स्वतः विचारते. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप हे नवा प्रोजेक्ट उभा करून देणारं साधन. डिसेंबर २०२४ मध्ये रिअ‍ॅक्ट १९ आलं. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपच्या साच्यात टेस्टिंग लायब्ररीचं जुनं व्हर्जन होतं आणि त्याला रिअ‍ॅक्ट १८ च हवं होतं, म्हणून नवा प्रोजेक्ट जन्मतःच अडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्या टीमनं हे साधन अधिकृतपणे निवृत्त केलं. त्यानंतरही जुन्या नोट्सवर पूर्ण फी घेणं हा मुलांवर अन्याय आहे. व्हीटवर (त्याच कामाच्या दुसऱ्या साधनावर) प्रोजेक्ट काढा, आणि अभ्यासक्रम शेवटचा कधी बदलला हे क्लासला लेखी विचारा. पुढचा हप्ता भरण्याआधी त्याच क्षेत्रात नोकरी करणाऱ्या कुणाला तरी तो अभ्यासक्रम दाखवा.

प्रश्न: 'इनव्हॅलिड हुक कॉल' अशी एरर येते. हुक तर बरोबर लिहिलाय. (वाकड)

हुक म्हणजे ठराविक नियमांनीच वापरायची रिअ‍ॅक्टची खास फंक्शन्स. 'एनपीएम एलएस रिअ‍ॅक्ट' चालवा. पॅकेजांच्या झाडात रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती दिसल्या तर कारण बहुधा तेच. एनपीएम ८.३ पासून पॅकेज.जेसनमध्ये 'ओव्हरराइड्स' लिहून एकच व्हर्जन लादता येतं, पण ज्याच्यावर लादताय त्या पॅकेजला ते झेपतं का, हे आधी पाहा. एकच प्रत दिसली तर कोड कुणाला तरी दाखवा. हुकचा नियम मोडला तरी हीच एरर येते.

प्रश्न: आमचं पोर्टल नोड १४ वर आहे. अपग्रेड 'पुढच्या तिमाहीत' असं तीन वर्षं चाललंय. आता एक एजन्सी ठराविक रकमेत 'ऑडिट फिक्स फोर्स' चालवून एका दिवसात सगळं सुरक्षित करून देते म्हणते. काम द्यावं का? (प्रोजेक्ट मॅनेजर, खराडी)

देऊ नका. ती धोकादायक पॅकेजं आपोआप बदलणारी एका ओळीची आज्ञा आहे, तुमचा कुणीही डेव्हलपर ती चालवू शकतो, आणि त्यानंही चालवू नये. 'फोर्स'मुळे पॅकेजं मोठ्या व्हर्जनच्या उड्या मारतात आणि मोडतोड निस्तरायचं बिल वेगळं येतं.

पण तुमची दिरंगाईही तितकीच घातक आहे. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १४ व्या व्हर्जनचा आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळणं, एप्रिल २०२३ मध्ये संपला, १६ चा सप्टेंबर २०२३ मध्ये, १८ चा एप्रिल २०२५ मध्ये. तुमच्या यादीत नोड-सॅस (पानांच्या स्टाइलच्या फाइली तयार करणारं) आणि वेबपॅक ४ (कोडच्या फाइली एकत्र बांधणारं) दिसतात. नोड-सॅसचं प्रत्येक व्हर्जन ठराविक नोडशी बांधलेलं असतं, आणि ते ज्या लिबसॅसवर उभं आहे ते ऑक्टोबर २०२० मध्येच कालबाह्य जाहीर झालं. वेबपॅक ४ नोड १७ पासून पुढे 'डिजिटल एन्व्हलप' एरर देऊन आडवं पडतं. म्हणून आधी नोड-सॅसच्या जागी सॅस, मग वेबपॅक, मग नोड. प्रत्येक पायरी स्वतंत्र ब्रांचवर आणि मध्ये टेस्टिंग. या सोमवारी 'एनपीएम आउटडेटेड'ची (जुन्या पडलेल्या पॅकेजांची) यादी काढा आणि लॉकफाइलसह एखाद्या अनुभवी माणसासोबत दोन तास बसा. किती दिवस लागतील ते त्यालाच सांगू द्या.