ड्युटेरियम कमी केलेलं पाणी शुगरच्या पेशंटला द्यावं का?

तुम्ही विचारलंय की गावात एक जण 'ड्युटेरियम कमी केलेलं पाणी' विकायला येतो, आपल्या नेहमीच्या पाण्यातला जड हायड्रोजन पेशीतली ऊर्जेची यंत्रं जाम करतो असं सांगतो. वडिलांना शुगर आहे, तर हे पाणी सुरू करावं का?

करू नका. आणि वडिलांच्या गोळ्या एक दिवससुद्धा थांबवू नका. हे आधीच सांगतो, कारण माझ्या सख्ख्या काकांनी नेमकं तेच केलं. कापसाच्या पैशातून बाटल्या घेतल्या, "आता पेशीच साफ होऊन राहिल्या, गोळ्या कायले पाह्यजेत?" म्हणत औषध सोडलं आणि तिसऱ्या आठवड्यात पायाची जखम चिघळून भरती झाले. मी दर्यापूर भागात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. तरी घरातली ही गोष्ट मला उशिरा कळली, त्याची खंत अजून जात नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ड्युटेरियम, म्हणजेच तो जड हायड्रोजन, ही थाप नाही. हॅरोल्ड युरी यांनी 1931 मध्ये तो शोधला आणि 1934 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात एकटा प्रोटॉन असतो, ड्युटेरियममध्ये जोडीला एक न्यूट्रॉन, म्हणून वजन दुप्पट. समुद्राच्या पाण्यात दर 6400 हायड्रोजन अणूंमागे असा साधारण एक असतो, म्हणजे 156 पीपीएम (दहा लाखांत 156). पाण्याच्या 15 लिटरच्या गुंडातलं सगळं ड्युटेरियम एकत्र केलं तर जेमतेम अर्धा चमचा जड पाणी (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं पाणी) होईल. साठ किलोच्या माणसाच्या अंगात दोनेक ग्रॅम ड्युटेरियम कायमच असतं. तुमच्यात आहे, माझ्यात आहे.

पेशीवर त्याचा परिणाम होतो का? होतो, आणि कारण मोठं सुंदर आहे. कार्बन आणि हायड्रोजनचा बंध म्हणजे एक विहीर समजा. साधा हायड्रोजन हलका, तो तळापासून थोडा वर तरंगतो. जड ड्युटेरियम तळाशी खोल बसतो. त्याला बाहेर काढायला दोर जास्त लांब लागतो. म्हणून असा बंध तोडायची वेळ आली की ती क्रिया सहा-सात पटीनं मंदावू शकते. हे ज्ञान औषधात कामी आलंय. हंटिंग्टन या मेंदूच्या आजारातल्या अनैच्छिक हालचालींसाठी अमेरिकेत 2017 मध्ये मंजूर झालेल्या ड्युटेट्राबेनाझिन या औषधामध्ये काही हायड्रोजनच्या जागी मुद्दाम ड्युटेरियम बसवलेलं आहे, म्हणजे शरीर ते औषध सावकाश मोडतं.

पण खरं नुकसान दिसायला प्रमाण किती लागतं ते पाहा. प्राण्यांच्या शरीरातल्या पाण्यापैकी पाव हिस्सा जड पाणी झालं की प्रजननक्षमता जाते. त्यापुढे पेशींचं विभाजन अडखळतं, आतड्याचं अस्तर आणि रक्त नवीन तयार होत नाही, आणि निम्म्याच्या आसपास पोचेपर्यंत जनावर मरतं. पाव हिस्सा म्हणजे निसर्गातल्या प्रमाणाच्या सोळाशे पट. तिथं पोचायचं तर माणसाच्या अंगात नऊ लिटर शुद्ध जड पाणी भरावं लागेल. (चव मात्र किंचित गोड असते, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ते दिसलं. आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यातल्या थळला अणुभट्ट्यांसाठी हे पाणी बनतं.) उलट, शरीर दिवसाला किती ऊर्जा खर्च करतं हे मोजायला संशोधक गरोदर बायांना आणि तान्ह्या बाळांनाही थोडं ड्युटेरियमवालं पाणी देतात. त्यानं अपाय होत नाही, आणि आठ-दहा दिवसांत त्यातलं निम्मं लघवी-घामावाटे निघून जातं.

आता त्या विक्रेत्याचं म्हणणं. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यात, प्रोटॉनच्या प्रवाहावर फिरणारं आणि पेशीचं इंधन बनवणारं एक छोटं यंत्र आहे, एटीपी सिंथेज, हे खरं. जड हायड्रोजन त्यात अडकून ते बिघडतं, ही कल्पना काही जण मांडतात. हंगेरीच्या गाबोर शोम्लयाई यांनी 1993 मध्ये दाखवलं की कमी ड्युटेरियमच्या पाण्यात उंदराच्या काही पेशींची वाढ सुरुवातीला रेंगाळते. हा अभ्यास करण्यासारखा विषय आहे. पण प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींची वाढ रेंगाळणं आणि तुमच्या बाबांची शुगर उतरणं, यात फार मोठं अंतर आहे. माणसांवरच्या मोठ्या, काटेकोर चाचण्यांनी ते अंतर अजून भरलेलं नाही.

शिवाय बाबा फक्त पाणी थोडंच पितात? ज्वारीची भाकर, वरण, भाजी, प्रत्येकात हायड्रोजन (आणि त्यासोबत ड्युटेरियमही) आहे आणि तो पचून अंगातच रोज पावशेर-दीडपाव पाणी तयार होतं.

आपल्या विहिरी-बोअरमध्येच ड्युटेरियम जास्त आहे, असंही तो सांगेल. समुद्राच्या वाफेत हलके रेणू आधी उडतात, ढगातून जड रेणू आधी गळतात, म्हणून समुद्रापासून इतक्या आत पडणाऱ्या पावसात ते उलट किंचित कमी असतं. घरच्या माठातही हाच खेळ चालतो. पाझरून उडतं ते हलकं, आत उरतं ते नावाला जड. पण हा फरक फार थोडा असतो. ध्रुवावरच्या बर्फातसुद्धा प्रमाण 90 पीपीएमच्या आसपास उतरतं, त्याखाली नाही.

पाण्याचीच काळजी असेल तर दुसरीकडे बघा. आपला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे. माझ्या आईच्या गुंडाला आतून पांढरा थर बसतो, नखानं खरवडला तर पापुद्रा निघतो. त्या पाण्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी दाणा दाणाच राहतो. तिथं हायड्रोजन नाही, विरघळलेले क्षार बोलतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. शुगरनं मूत्रपिंड आधीच थकतं, त्यात असं पाणी नको. बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या, आणि मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी बाबांचं रक्तातलं क्रिएटिनिन व लघवीतलं प्रोटीनही.

अहवाल आले की आकडे इथेच लिहा. पाण्याच्या अहवालाचा अर्थ मी सांगेन, रक्ता-लघवीचा मात्र डॉक्टरांनाच दाखवा.