केटचं बंड: भांडण कुंपणाचं की गायरानाचं?

प्रश्न असा आहे की, इंग्लंडमध्ये जमीनदारांनी मेंढ्यांसाठी शेतांना कुंपणं घातली, कुळं देशोधडीला लागली आणि त्यातून बंडं झाली, हे पुस्तकातलं चित्र कितपत खरं? माझ्या मते अर्धंच, आणि रॉबर्ट केटचं १५४९ चं बंड तेच दाखवतं.

लोकरीपायी गावंच्या गावं ओस पडली ती मुख्यतः १४५० ते १५२० च्या दरम्यान, मध्य इंग्लंडात. १४८९ मध्येच त्याविरुद्ध कायदा झाला, १५१७ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मुख्य मंत्री वूल्सी याने चौकशी बसवली. मोठी बंडं मात्र त्यानंतरची. तोवर लोकसंख्या वाढली होती, आणि आठव्या हेन्रीने नाण्यातली चांदी कमी केल्याने आधीच चढलेले भाव भडकले. मजुरी काही त्या वेगाने वाढेना. अशा दिवसांत गरिबाचं घर चालायचं ते गायरानावर: एखादी गाय, चार मेंढ्या, सरपण. ज्याच्याकडे झोपडीपलीकडे काही नाही, त्याचा तिथला हक्क नुसत्या वहिवाटीचा. गायरान गेलं की त्याच्या हाती फक्त रोजंदारी उरायची.

आता १५४९ चं नॉरफोक बघा, इंग्लंडच्या पूर्वेकडचा परगणा. आदल्याच वर्षी बालराजा सहाव्या एडवर्डच्या वतीने कारभार पाहणारा त्याचा पालक सॉमरसेट याने बेकायदा कुंपणांची चौकशी सुरू केली होती, त्यामुळे सरकार आपल्या बाजूचं आहे असं लोकांना वाटत होतं. जुलैत विंडम गावाजवळ लोक कुंपणं पाडू लागले. फ्लॉवरड्यू नावाच्या वकिलाने स्वतःचं कुंपण वाचवायला त्यांना पैसे देऊन रॉबर्ट केटच्या जमिनीकडे पाठवलं. दोघांचं जुनं वैर होतं. केट स्वतः जमीनवाला, पण त्याने लोकांचं ऐकून आपलंच कुंपण पाडायला मदत केली आणि त्यांचा पुढारी झाला! तिथल्या मुख्य शहराबाहेर, नॉरिचबाहेर, माउसहोल्डच्या माळावर सुमारे १६,००० लोक जमले. जमीनदारांच्या हजारो मेंढ्या तिथे कापून खाल्ल्या.

त्यांच्या २९ मागण्या वाचल्या की पुस्तकी चित्र डळमळतं. कुंपणाचा विषय पहिल्याच मागणीत आहे, पण यापुढे कुणी कुंपण घालू नये म्हणतानाच केशराच्या लागवडीला आधीच घातलेली कुंपणं वाचवा, असंही तीत म्हटलंय. जोर दुसरीकडे आहे: जमीनदाराने गायरानात आपली जनावरं सोडू नयेत, खंड १४८५ च्या दराने घ्यावा, वेठबिगार कुळं मुक्त करावीत. नॉरफोकात जमीनदाराला कुळांच्या मोकळ्या शेतातही आपले कळप चारायचा हक्क होता, म्हणून तिथे छोट्या शेतकऱ्याला स्वतःचं कुंपण हवंच असायचं. राग गायरान गिळणाऱ्यावर होता, मग तो कुंपण घालून गिळो की हजार मेंढ्या सोडून.

२७ ऑगस्टला डसिनडेलला सरकारने पाठवलेल्या वॉरिकच्या सैन्याने बंड मोडलं, डिसेंबरात केटला नॉरिचच्या किल्ल्यावर फाशी दिलं.

पुस्तकातलं चित्र जास्त जुळतं ते १६०७ च्या मिडलंड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या उठावाशी. तिथे खरोखरच नांगरटीची शेतं कुरणं होत होती. उठाव करणाऱ्यांचा पुढारी जॉन रेनॉल्ड्स त्यांना सांगायचा, माझ्या थैलीत तुम्हाला राखणारी वस्तू आहे. पकडल्यावर त्यात चीजचा तुकडा निघाला. न्यूटन गावी ४०-५० माणसं मारली गेली. जमीनदारांनी तिथे आपले नोकरचाकर उतरवले होते, कारण स्थानिक शिबंदीचा त्यांना भरवसा नव्हता.

१७५० नंतर संसदेच्या कायद्यांनी झालेली कुंपणं हा वेगळा विषय आहे, तो यात मिसळू नका.